मानाची सुपारी आणि मुखातील सुपारी

आपल्या ज्ञातीत कोणत्याही मंगलकार्याचा आरंभ सुपारीवाचून होत नाही, हे वाचकांस विदित आहेच. तांदळाच्या राशीवर मांडलेली सुपारी म्हणजे साक्षात गणपती. कलशाशेजारी ठेवलेल्या सुपाऱ्या म्हणजे नवग्रह. घरधनीण हयात नसेल किंवा दूरदेशी असेल तर पूजेत तिच्या जागी सुपारीच बसते. सोयरीक ठरली की 'सुपारी फुटली', आमंत्रण द्यावयाचे तर अक्षतांबरोबर सुपारी, आणि पाहुण्याची पाठवणी करावयाची तर विडा. एवढ्याशा फळाला आपल्या पूर्वजांनी एवढा मान दिला, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. प्रस्तुत लेख लिहिण्यास मात्र जे निमित्त घडले, ते कौतुकाचे नाही.

गेल्या वर्षी आंबिवली येथे आमच्या नात्यातील एका मुलाचे लग्न झाले. मुहूर्त साधला, पंगती बसल्या आणि रीतीप्रमाणे वधूवरांनी एकमेकांस घास भरविण्याची वेळ आली. वधूने उखाणा घेतला व जिलबीचा तुकडा वराच्या ओठांशी नेला. परंतु वराचे तोंड उघडेना. मुलगा लाजला असे समजून मंडळी हसली. वधूने तुकडा आणखी लहान केला आणि तो कसाबसा दातांच्या फटीतून आत सरकविला. रात्री त्याच्या मातोश्रींनी डोळ्यांस पदर लावून आम्हांस सांगितले की, दोन वर्षांपासून त्याच्या तोंडात जेमतेम दोन बोटे जातात; तिखटाचा कण लागला तरी आग होते; भाकरी तो आमटीत कुस्करूनच खातो. वय अवघे चोवीस. "पण भाऊ, माझा मुलगा तंबाखूला कधी शिवला नाही हो! शाळेत असल्यापासून नुसती गोड सुपारी खात असे," असे त्या पुनःपुन्हा सांगत होत्या.

या 'नुसती' शब्दाने आम्हांस अस्वस्थ केले. ज्या सुपारीला आपण देव्हाऱ्यात बसवितो ती आणि ज्या सुपारीने या मुलाचे तोंड मिटविले ती, या दोन्हींचा इतिहास एकच आहे काय, हे पाहावे असे मनाने घेतले. त्या शोधात जे हाती आले ते ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवीत आहोत.

तांबूलाचा पूर्वेतिहास

पोफळीचे झाड मूळचे आपल्या पूर्वेकडील, म्हणजे मलय द्वीपसमूह व आग्नेय आशिया यांकडील असावे, असे अभ्यासक मानतात. वैदिक वाङ्मयात तांबूलाचा उल्लेख आढळत नाही. पुढे मात्र तो सर्वत्र दिसू लागतो. चरकसंहितेत मुखशुद्धीसाठी तोंडात धरावयाच्या पदार्थांत जायफळ, लवंग, कंकोळ, कापूर यांच्यासमवेत पूग म्हणजे सुपारी व विड्याचे पान सांगितले आहे. सुश्रुताने भोजनोत्तर तांबूल सांगितला. कामसूत्रात तो नागरकाच्या दिनचर्येत येतो. इसवी सन ४७३ च्या मंदसोर येथील शिलालेखातही तांबूल आहे. हा लेख लाट देशातून दशपुरास येऊन स्थायिक झालेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने आपल्या सूर्यमंदिराच्या जीर्णोद्धारप्रसंगी कोरविला. तरुणी हार, तांबूल व फुले यांनी कितीही नटली तरी रेशमी वस्त्र ल्याल्याखेरीज प्रियकरास भेटावयास जात नाही, अशा आशयाची आपल्या मालाची प्रशस्ती त्यांनी त्यात केली आहे. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या एका व्यवसायबंधूंच्या संस्थेने आपली आठवण मागे ठेवावी म्हणून हा लेख लिहविला, हे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत नमूद करण्याजोगे वाटते.

बाराव्या शतकात चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये तांबूलभोगाचा स्वतंत्र विचार केला आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याण. मात्र ते कल्याण आपल्या स्टेशनाचे नव्हे. ते कर्नाटकातील सांप्रतचे बसवकल्याण होय. नामसादृश्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून एवढा खुलासा केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी तांबूलाच्या इतिहासावर परिश्रमपूर्वक निबंध लिहिले असून जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावेत.

परदेशीय प्रवाशांनाही या चालीचे नवल वाटले. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने आणि १४४३ साली विजयनगरास आलेल्या अब्दुर रझाक याने विड्याचे वर्णन केले आहे. आपल्या दृष्टीने अधिक जवळचा साक्षीदार म्हणजे गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने या फळाचे वर्णन करून, गुजराती व दख्खनी लोक यास 'सुपारी' म्हणतात, अशी नोंद केली आहे. म्हणजे आपण आज जो शब्द उच्चारतो तो साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी छापील पुस्तकात आला.

परंतु आपल्या पूर्वजांनी तांबूलाची नुसती स्तुती केली, असे समजणे चूक होईल. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त तांबूल कोणास अपथ्य हेही सांगितले आहे. क्षत झालेला, रक्तपित्ताचा रोगी, रुक्ष प्रकृतीचा, नेत्रविकाराने पीडित, विषबाधा वा मूर्च्छा झालेला, मद्याने ग्रस्त आणि क्षयी, या सर्वांस त्याने तो वर्ज्य केला. धर्मशास्त्राने यती व ब्रह्मचारी यांना तांबूल निषिद्ध मानला. विधवांनाही तो वर्ज्य ठरविला होता. तो मात्र अन्यायच होता आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ब्रह्मचारी म्हणजे विद्यार्थी. शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी सुपारी जाऊ नये हा दंडक आपल्याच परंपरेतील आहे. आज नेमके उलटे घडते: घरातील वडील मंडळी विडा विसरली आणि शाळकरी मुलगा सुपारी चघळू लागला.

आपल्या जिल्ह्याचा विडा

विडा म्हणजे पान, सुपारी, कात व चुना या चार जिनसांचा मेळ. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात व शेजारच्या किनाऱ्यावर या चारही जिनसा पिकत वा तयार होत. वसईच्या वाड्यांत व माहीम-केळव्याच्या पानमळ्यांत पानवेली डोलत. (हा मुलूख १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात मोडतो.) कात खैराच्या लाकडाचा. तो काढण्याचे कष्ट उपसणाऱ्या आपल्या रानातील बांधवांचे नावच त्यावरून 'कातकरी' पडले. पुढे सरकारी जंगल कायद्यांनी त्यांचा हा धंदा बसविला, तरी नाव राहिले. चुना खाडीकाठच्या शिंपल्या भाजून करीत. आणि सुपारी येई ती मुरूड, दिवेआगर व श्रीवर्धन या भागांतून. श्रीवर्धनचा रोठा आजही नाव राखून आहे व कोकण कृषि विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही तेथेच आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने त्या वाड्यांतील पोफळी आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरण्यास सहा-सात वर्षे जातात, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्या बागाइतदारांचे दुःख कळेल. सुपारी खाण्याविरुद्ध लिहिताना ती पिकविणाऱ्याचा आम्ही अनादर करीत नाही.

विडा हा त्या काळी सावकाशीचा पदार्थ होता. पानाचे देठ खुडावयाचे, शिरा काढावयाच्या, चुनाळ्यातून बोटभर चुना लावावयाचा, मग अडकित्ता घेऊन सुपारी कातरावयाची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील नाना घाटांचे अडकित्ते व पानाचे डबे पाहिले म्हणजे या साऱ्या खटाटोपात केवढी हौस होती ते ध्यानी येते. वेलदोडा, जायपत्री, केशर घालून केलेला त्रयोदशगुणी विडा तर सणासमारंभाचाच. एवढी सिद्धता लागत असल्यामुळे सामान्य घरात विडा दिवसातून दोनदा, जेवणानंतर होई. आमची आजी चंचीतून सुपारीचे खांड काढी, ते तिच्या मापाने वालाएवढे असे, आणि आम्ही हात पुढे केला की त्यावर आधी अडकित्त्याचा हलका टोला मिळे. "मुलांची जीभ जड होते," एवढेच कारण ती सांगे. जीभ जड होते हे शास्त्र नसेल. पण त्या टोल्यामुळे आमच्या पिढीची तोंडे राखली गेली, हे खरे.

मानपान

सुपारीचे खरे महत्त्व चघळण्यात नसून देण्याघेण्यात होते, हे इतिहास पाहता स्पष्ट होते. आपला 'मानपान' हा शब्दच पाहा. गावात पहिला विडा कोणाचा, यावरून वतनदारांत भांडणे होत आणि ती वरपर्यंत जात. दरबारात पैजेचा विडा ठेवीत. जो उचली त्याने ते काम शिरावर घेतले असे समजत. त्यावरून 'विडा उचलणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. तमाशाच्या फडास खेळासाठी ठरविणे म्हणजे 'सुपारी देणे'. दिलेला शब्द मोडावयाचा नाही, याची ती खूण. मुंबईच्या गुन्हेगारी जगताने हाच शब्द खुनाच्या कराराला लावून त्याची विटंबना केली, तरी मुळात सुपारी म्हणजे वचन. इंग्रजी अमलात सत्कारसमारंभास 'पानसुपारी' असेच म्हणत, आणि सभेच्या वृत्तान्ताचा शेवट 'अत्तरगुलाब व पानसुपारी होऊन सभा बरखास्त झाली' अशा धर्तीच्या वाक्याने होई.

या मानाची दुसरी, काळी बाजूही आहे आणि ती लपविणे इतिहासलेखकास शोभणार नाही. ज्याला विडा द्यावयाचा तो आपला, हे ठरल्यावर ज्याला द्यावयाचा नाही तो परका हेही ठरले. जातपंचायतींनी कित्येक कुटुंबांचे पानपाणी बंद करून त्यांस वाळीत टाकले. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला व तो २०१७ पासून अमलात आला. ज्ञातिसंस्थांनी या गोष्टीचे स्मरण ठेवावे. सुपारीने माणसे जोडावीत, तोडू नयेत.

आणखी एक साधी गोष्ट. पूजेत व वचनात जी सुपारी वापरतात ती अखंड असते. वाण्याकडे गेल्यास तो विचारतो, "पूजेची हवी की खाण्याची?" पूजेची सुपारी लहान व टणक, ती कोणी खात नाही. कार्य झाले की ती भटजींच्या झोळीत जाते, नाहीतर पुढील कार्यासाठी डब्यात. म्हणजे आपल्या आचारांनी मानाची सुपारी आणि मुखातील सुपारी या दोन वस्तू प्रथमपासून वेगळ्याच ठेवल्या आहेत. एकीचा त्याग केल्याने दुसरीचा मान रतिभरही कमी होत नाही. या लेखाचे सार आम्ही यातच मानतो.

तंबाखूचा शिरकाव, आगगाडी व पुडी

तंबाखू आपल्याकडील नव्हे. अमेरिकेतील ही वनस्पती पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराचा सरदार असद बेग याने सन १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून ती बादशहाच्या दरबारी नेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. जहांगीराने १६१७ साली धूम्रपानास मनाई केली, पण व्यसन वाढतच गेले. दीड-दोन सहस्र वर्षांच्या विड्यात तंबाखू मिसळली ती अशी अलीकडे, अवघ्या चारशे वर्षांत.

यानंतरचा मोठा बदल आगगाडीने व कारखान्यांनी घडविला. १८५४ साली रेल्वे कल्याणास पोचली, १८६१ साली कसाऱ्यापर्यंत गेली. शेतीवाडीतील माणूस घड्याळाच्या काट्यावर कामास जाऊ लागला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शहाडची सेंचुरी रेयॉन व आंबिवलीजवळ मोहन्याची नॅशनल रेयॉन या कारखान्यांनी आपल्या भागातील सहस्रावधी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. (मोहन्याचा कारखाना २००९ साली बंद पडला; त्याची झळ आपल्यातील किती कुटुंबांस लागली हे येथे सांगावयास नको.) कापड, रेयॉन वा रसायने यांच्या कारखान्यात आगीच्या भयाने विडी ओढण्यास बंदी. रात्रपाळीत डोळ्यावरची झोप उडवावी, भूक मारावी, म्हणून कामगार गालात चिमूट धरी. पानदान घेऊन खात्यात कोण बसणार? पान, कात, वेलदोडा सर्व गळाले. उरली ती सुपारी, चुना व तंबाखू. सावकाशीचा विडा जाऊन घाईचा तोबरा आला.

अखेरचा घाव घातला तो पुडीने. १९७० नंतर पानमसाला डब्यांतून विकला जाऊ लागला व १९८० नंतरच्या दशकात तो लहान लहान पुड्यांत आला. यात पान नावापुरतेही नाही. बहुतांश असते ती कुटलेली सुपारी, तिला कात, चुना व सुगंध लावलेला. तंबाखू मिसळली की तोच गुटखा. सुपारी कातरण्याचे कष्ट गेले, वडिलांपुढे लपविण्याची अडचण गेली आणि शाळेच्या फाटकाबाहेर सुट्या पैशांत ती मिळू लागली. आजीच्या अडकित्त्याचा टोला तेथे कोण देणार?

सरकार स्वस्थ बसले नाही. महाराष्ट्राने २००२ साली गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली, पण २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. पुढे नवा अन्नसुरक्षा कायदा झाल्यावर जुलै २०१२ मध्ये पुनः बंदी आली, आणि पुढील वर्षी सुगंधी सुपारी व सुगंधी तंबाखूही तीत समाविष्ट झाल्या. तरीही आपल्या स्थानकांच्या जिन्यांचे कोपरे लालच आहेत. कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोचतो. खिशापर्यंत पोचावयाचे ते घरच्यांनाच.

वैद्यकाचा निर्वाळा

आता त्या मातेच्या 'नुसत्या सुपारी'कडे वळू. या विषयातील संशोधनाचा फार मोठा भाग आपल्या मुंबईत झाला आहे, ही अभिमानाची व तितकीच खेदाची गोष्ट आहे. खेदाची अशासाठी की, रोगीही येथेच विपुल होते.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५२ साली श्वार्ट्झ या वैद्याने पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडाचा एक चमत्कारिक विकार नोंदला: आतील त्वचा पांढुरकी, चामड्यासारखी ताठ होते व जबडा उघडेनासा होतो. पुढील वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. जोशी यांनी हाच विकार येथील रुग्णांत वर्णिला. आमच्या त्या नवरदेवाला झालेला रोग हाच.

पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतविभागाचे डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी चिकाटीने घरोघर जाऊन तोंडे तपासली. मुंबईच्या ४,७३४ पोलिसांची तपासणी करून दहा वर्षांनी त्यांची पुनः पाहणी केली. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. डेन्मार्कचे पिंडबोर्ग हेही या कार्यात सहभागी होते. केरळातील एर्नाकुळम येथे तोंड मिटण्याच्या या विकाराच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेविले, तेव्हा त्यांतील पाचांस, म्हणजे शेकडा ७.६ जणांस, पुढे कर्करोग झाल्याचे आढळले.

तरीही प्रश्न उरला: दोष तंबाखूचा की सुपारीचा? आपल्याकडे दोन्ही एकत्र खात असल्याने निवाडा होईना. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विड्यास कर्करोगकारक ठरविले, पण तंबाखूविरहित विड्याविषयी पुरावा अपुरा मानला. पुढे तैवानसारख्या देशातून निर्णायक साक्ष आली. तेथे सुपारी खातात, मात्र तीत तंबाखू घालीत नाहीत. आणि तरी तेथे मुखकर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. सर्व पुरावा तपासून त्याच संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित विडा आणि स्वतः सुपारी ही दोन्ही मनुष्यास कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला. 'नुसती सुपारी' या शब्दांतील निर्दोषपणा त्या वर्षी संपला. ही वार्ता आपल्या घराघरांत पोचली नाही, एवढेच.

याची कारणमीमांसा थोडक्यात अशी. सुपारीत ॲरेकोलीन नावाचे द्रव्य असते. सुपारी खाल्ल्यावर अंगात ऊब येते, तरतरी वाटते, क्वचित घामही फुटतो, तो त्यामुळे. आणि पुनः पुनः खावीशी वाटते तीही त्यामुळेच. तंबाखूप्रमाणे सुपारीचेही व्यसन जडते, हे विसरू नये. गालाच्या आतील अस्तराखाली तंतू विणणाऱ्या पेशी असतात. सुपारीतील द्रव्ये त्यांस अधिक तंतू विणण्यास लावतात. तिच्यातील तुरट अंश व तांबे हे त्या तंतूंस असे घट्ट करतात की शरीरास ते मोडून काढता येत नाहीत. चुना या क्रियेस हातभार लावतो. शिवाय कठीण कणांनी अस्तर रोज खरचटते ते वेगळेच. हळूहळू गाल म्हणजे लवचिक कातडे न राहता ताणलेला दोर होतो. प्रथम तिखट झोंबते, मग अस्तर पांढरे पडते, मग शीळ घालता येत नाही, गाल फुगविता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. अखेर घासही जाईना. सुपारी सोडल्यास रोग वाढावयाचा थांबू शकतो आणि औषधे, व्यायाम वा शस्त्रक्रिया यांनी काही आराम पडतो. परंतु गेलेली लवचिकता पूर्णपणे परत येणे कठीण. म्हणून सर्व भर लवकर ओळखण्यावर हवा.

ज्येष्ठ नेते शरद पवार यांच्यावर २००४ साली मुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. २०१८ साली मुंबईत इंडियन डेंटल असोसिएशनच्या कार्यक्रमात त्यांनी तंबाखू व सुपारी खाल्ल्याची खंत बोलून दाखविली आणि चाळीस वर्षांपूर्वी आपणास कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, अशा आशयाचे उद्गार काढले. सावध करणारे माणूस घरात असावे लागते, हाच त्याचा अर्थ.

आपण काय करावे

इतिहास सांगून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. ज्ञातिसंस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे व सर्व कुटुंबांपुढे तीन नम्र सूचना ठेवीत आहोत.

पहिली अशी की, अखंड सुपारीचा मान जसाच्या तसा ठेवावा. गणपतीची सुपारी, साखरपुड्याची सुपारी, आमंत्रणाची सुपारी यांस कोणी हात लावू नये. मात्र लग्नात, वार्षिक संमेलनात व हळदीच्या रात्री कातरलेल्या व सुगंधी सुपारीची तबके फिरतात, ती बंद करावीत. त्यांच्या जागी बडीशेप, ओवा-तीळ, लवंग वा वेलदोडा ठेवावा. यात पाहुणचारास उणेपणा येत नाही. हळदीच्या रात्रीचा तर विशेष विचार करावा. कारण पुष्कळ मुलांच्या तोंडात पहिली पुडी त्याच रात्री, थोरांच्या हातून पडते.

दुसरी सूचना अशी की, पुढील संमेलनात गुणगौरवाच्या कार्यक्रमापूर्वी एखाद्या दंतवैद्यास पाचारण करून सर्वांची मुखतपासणी करावी. तोवर प्रत्येक घरी एक सोपी परीक्षा करता येईल. आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी जुळवून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये धरावीत. ती सहज गेली तर ठीक. न गेली, किंवा तोंडात सतत आग होत असली, न भरणारा व्रण अथवा पांढरा वा तांबडा डाग दिसला, तर लाज न बाळगता वैद्यांकडे जावे. ही परीक्षा माता-भगिनींनीही करावी. श्वार्ट्झने नोंदलेल्या त्या पाचही रुग्ण स्त्रियाच होत्या, हे ध्यानात असू द्यावे. दुपारी काम उरकल्यावर बटव्यातील खांड तोंडात टाकण्याची सवय आपल्या घरांत अद्याप आहे.

तिसरी सूचना वडीलधाऱ्यांस. मुलास 'तंबाखू खाऊ नकोस' एवढेच सांगून भागत नाही. 'सुपारीही नको' हे स्पष्ट सांगावे, आणि सांगण्यापूर्वी आपला डबा आपण मिटावा. ज्यांस सवय मोडणे जड जाते त्यांची टिंगल करू नये. ते व्यसन आहे, दुर्गुण नव्हे. त्यांस वैद्यांकडे न्यावे.

त्या लग्नातील मुलाविषयी वाचक विचारतील. त्याने सुपारी सोडली आहे. कल्याणास औषधोपचार चालू आहेत. सकाळ-संध्याकाळ तो तोंड उघडण्याचा व्यायाम करतो. परवा त्याच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेस गेलो होतो. गणपतीच्या जागी सुपारी मांडलेली होती, तिला त्याने मनोभावे नमस्कार केला. तीर्थप्रसादानंतर तबक फिरले, त्यात बडीशेप होती. "भाऊ, आता अडीच बोटे जातात," असे तो आम्हांस म्हणाला. त्याच्या संमतीने हे लिहिले आहे. त्याचीच इच्छा आहे की, आपल्या धाकट्या भावंडांनी हे वाचावे.

मानाची सुपारी देव्हाऱ्यात राहो, मुखातील सुपारी मात्र आपल्या ज्ञातीतून निरोप घेवो, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.